सागर दिवाणखान्यात आणणारा निसर्गोपासक : फिलिप हेन्री गॉस

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी, पेटीत वाळू व दोनचार दगड, आणि त्यांतून सळसळत फिरणारे रंगीत मासे, हे दृश्य आज आपल्या शहरांतून नवलाचे राहिलेले नाही. परंतु त्या पेट्यांतील पाणी बहुधा गोडे असते. समुद्राचे खारे पाणी घरात साठवून त्यात समुद्रातलेच जीव महिनोन्‌महिने जिवंत ठेवणे ही गोष्ट निराळी व पुष्कळ अवघड आहे. भरतीचे पाणी घागरीत भरून त्यात एखादी जिवंत कोळंबी, आमच्या घरच्या भाषेत सुंगट, ज्यांनी ठेवून पाहिली असेल, त्यांना दुसऱ्या दिवशी तिचे काय होते ते सांगावयास नको. ही अवघड गोष्ट सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणून देणारा आणि त्या पेटीला ‘ॲक्वेरियम’ हे नाव रूढ करणारा पुरुष म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, घरची श्रीमंती नव्हती, आणि चारचौघांत मिसळण्याजोगा मोकळा स्वभावही नव्हता. त्यांना यश लाभले ते विलक्षण, आणि त्या यशाने त्यांना जे दुःख दिले तेही विलक्षणच होय.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडातील वूस्टर येथे झाला. वडील टॉमस गॉस हे लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगविणारे फिरस्ते चित्रकार. मिळेल ते काम पत्करीत ते गावोगाव हिंडत आणि घरचा सारा भार आईवर पडे. मुलगा दोन वर्षांचा असता हे कुटुंब डॉर्सेट परगण्यातील पूल नावाच्या बंदरगावी येऊन राहिले. तेथे फिलिपला त्याची पहिली शाळा भेटली, आणि ती शाळा म्हणजे त्याची आत्या सुसान बेल. या बाईंना कीटकांची व समुद्रजीवांची फार आवड होती. किनाऱ्यावरील खडकांच्या डबक्यांत फुलासारखे उमलणारे जे समुद्रफूल असते, ते फूल नसून प्राणी आहे हे तिने भाच्याला दाखविले, त्याचे नाव सांगितले, आणि ताज्या समुद्रजलाच्या भांड्यात ते ठेवून पाहण्यास सुचविले. त्या भांड्यातील पाणी वरचेवर बदलावे लागे, नाही तर ते नासे. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी गॉस यांनी जो प्रश्न सोडविला तो मुळात हाच. वडिलांकडून त्यांना आणखी एक देणगी मिळाली. बारीक कुंचल्याने ठिपक्याठिपक्यांनी रंग भरण्याची व्यक्तिचित्रकाराची ती कला त्यांनी पुढे समुद्रफुलांच्या चित्रांसाठी वापरली.

पंधराव्या वर्षी शिक्षण थांबले आणि मुलगा पूल येथील एका व्यापारी पेढीत कारकून झाला. १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर या गावी पाठविण्यात आले. कॉड मासा व सील यांचा व्यापार, आणि हिशेबाच्या वह्या. या रुक्ष जागी त्याने आठ वर्षे काढली. १८३२ साली त्याने सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुने पुस्तक विकत घेतले, आणि त्याच वर्षी त्याच्या मनाने धर्माची कास निश्चयाने धरली. या दोन गोष्टी त्या एका वर्षात घडल्या व दोन्ही जन्मभर टिकल्या. गॉस यांचे पुढील सारे चरित्र या दोन ओढींच्या मधून गेलेले आहे.

त्यानंतर तीन वर्षे कॅनडातील कॉम्प्टन येथे शेती केली, ती फसली. १८३८ साली अमेरिकेतील अलाबामा संस्थानात मळेवाल्यांच्या मुलांना शिकविण्याचे काम पत्करले. तेथील फुलपाखरांनी त्यांना वेड लावले, परंतु तेथील गुलामगिरी त्यांना पाहवेना, आणि काही महिन्यांतच ते निघाले. १८३९ मध्ये मायदेशी परतले तेव्हा हाती पैसा नव्हता. होती ती वह्यांतील टिपणे व चित्रे. त्यांतूनच कॅनडातील निसर्गावरचे त्यांचे पहिले पुस्तक १८४० साली निघाले.

१८४४ साली पक्षी, कीटक व वनस्पती गोळा करण्यासाठी ते जमैका बेटावर गेले आणि दीड वर्ष राहिले. तेथे रिचर्ड हिल नावाच्या मिश्रवंशी न्यायाधिकाऱ्याशी त्यांचा स्नेह जुळला. जमैकाच्या पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर गॉस यांनी हिल यांचे साहाय्य नामनिर्देशपूर्वक नोंदविले. वसाहतीतल्या माणसाकडून माहिती घ्यावयाची आणि नाव मात्र आपले लावावयाचे, ही त्या काळची सर्रास रीत होती. ती लक्षात घेता गॉस यांचा हा सरळपणा मला त्यांच्या सर्व गुणांत मोठा वाटतो.

१८४८ मध्ये त्यांचा विवाह एमिली बोझ या विदुषीशी झाला. नवरा अडतिसाव्या वर्षात, बायको बेचाळिशीत. दोघेही एकाच कडक धर्मपंथाची. २१ सप्टेंबर १८४९ रोजी त्यांना एडमंड हा एकुलता एक मुलगा झाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉस यांनी मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीची नोंद एकापाठोपाठ एक केली आहे. जग यावर पुष्कळ हसले. गॉस यांना मात्र त्यात हसण्याजोगे काही दिसले नसावे. घडले त्या क्रमाने लिहिणे हा त्यांचा शिरस्ताच होता.

लेखनाच्या अतिश्रमांनी प्रकृती ढासळली, तेव्हा १८५२ च्या प्रारंभी हवापालटासाठी गॉस कुटुंब डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर गेले, प्रथम सेंट मेरीचर्च येथे व नंतर इल्फ्राकूम येथे. पूर्ण ओहोटी लागली की तेथील खडक मैल मैल उघडे पडत. आमच्या हणजुणेच्या खडकांवर सुकतीच्या वेळी जी लहानलहान कुंडे पाण्याने भरलेली राहतात, तशीच तेथेही. कुंडांच्या कडांना लाल, करडी, हिरवी समुद्रफुले, तळाशी कुर्ल्या, आणि शंखात शिरून बसलेले संन्यासी खेकडे. गॉस कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, हातात छिनी-हातोडी घेऊन, दिवसच्या दिवस त्या कुंडांत डोके खुपसून बसत. ओहोटी ओसरली की हे वैभव पाण्याखाली जाई. ते घरी न्यावे कसे, आणि जिवंत ठेवावे कसे?

या प्रश्नाशी झुंजणारे ते पहिलेच नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. सिसिलीतील मेसिना येथे झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३० नंतरच्या दशकात काचेच्या पेट्यांत समुद्रजीव ठेवून त्यांचा अभ्यास केला होता. लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्की येथून जिवंत प्रवाळ आणले आणि ते पाणी दररोज मोलकरणीकडून उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतवून घेऊन ताजे ठेवले. पुढे त्यांनी त्यात समुद्रशेवाळही सोडले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली गोड्या पाण्यातील सोनमासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा मेळ घालून दाखविला. प्राणी श्वासाबरोबर कर्बवायू सोडतात, हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात तो घेऊन प्राणवायू देतात, आणि कुजणारी पाने गोगलगायी खाऊन टाकतात. पाणी न बदलताही टिकते ते या देवघेवीमुळे. हेच तत्त्व वॉरिंग्टन यांनी व स्वतंत्रपणे गॉस यांनी १८५२ मध्ये खाऱ्या पाण्याला लावून पाहिले. गॉस यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी ते तत्त्व प्रयोगशाळेत न ठेवता वाचकाच्या हाती दिले. टाकी कशी बांधावी, काय घालावे, काय घालू नये, हे त्यांनी एखाद्या गृहिणीने लोणच्याची कृती सांगावी तितक्या बारकाईने सांगितले.

ती कृती थोडक्यात पाहण्यासारखी आहे. टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा, बाजू जाड काचेच्या. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली उठला होता व काच स्वस्त झाली होती, म्हणूनच हे शक्य झाले. तळाशी वाळू, खडे व खडकाचे तुकडे. समुद्री शेवाळाला झाडासारखी मुळे नसतात, ते खडकाला नुसते चिकटून असते. ते उपटून आणले तर मरते, म्हणून छिनीने खडकाची कपची उडवून तिच्यासकट ते आणावे. हिरवी शेवाळे, विशेषतः पातळ पानांचे उल्वा, सर्वांत उत्तम. लाल जातींतल्या काही चालतात. तपकिरी रंगाच्या मोठ्या जाती मात्र बुळबुळीत द्रव सोडून पाणी नासवितात, त्या टाळाव्या. शेवाळ नीट रुजले की मगच प्राणी सोडावयाचे, तेही थोडे थोडे. मेलेला जीव तत्काळ बाहेर काढावयाचा. काचेवर हिरवी साय धरू लागली की तीवर लहान समुद्री गोगलगायी सोडावयाच्या. त्यांची दातेरी जीभ काचेवरून विळ्यासारखी फिरते आणि मागे गवत कापलेल्या कुरणासारखा पट्टा उमटतो. भिंगातून हे दृश्य पाहण्यात गॉस तासन्‌तास घालवीत.

लंडनसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरी पाणी आणावे कोठून, ही दुसरी अडचण. त्यावर गॉस यांनी १८५४ साली कृत्रिम समुद्रजल सुचविले. चार क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेचार लिटर पाण्यात साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम क्षार, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड. खऱ्या समुद्रात याहून पुष्कळ अधिक द्रव्ये असतात, आणि ही गोष्ट गॉस जाणून होते. जी अत्यल्प होती ती त्यांनी वगळली. या पाण्यात प्रथम शेवाळ ठेवून काही दिवस वाट पाहावयाची, मग प्राणी. आश्चर्य असे की, हे पाणी चालले!

ते का चालले याचे अर्धे उत्तर गॉस यांना ठाऊक नव्हते. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो व तो विषारी असतो. वाळूत व सच्छिद्र दगडांत राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जंतू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली वेगळे करून दाखविले, म्हणजे गॉस यांच्या मृत्यूनंतर. घरी मोठी सागरी टाकी बांधणारे लोक आज तीत जंतूंनी भरलेले खडक रचतात आणि मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे थांबतात, ते याच कारणाने. शेवाळासकट आणलेल्या खडकाच्या कपचीबरोबर गॉसही ते जंतू नकळत घरी आणीत होते. ज्या कारणासाठी त्यांनी थांबावयास सांगितले ते अपुरे होते, परंतु सल्ला अचूक होता.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोखंड व काच यांचे एक मत्स्यगृह लोकांसाठी उघडले. जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. तेथील टाक्यांसाठी समुद्रजीव पुरविण्याचे काम गॉस यांनी इल्फ्राकूम व वेमथ येथून केले. किनाऱ्यावर गोळा केलेले जीव रेल्वेने लंडनला जात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय याच वंशवृक्षाची एक फांदी म्हणावी लागेल. १८५४ साली गॉस यांचे ‘ॲक्वेरियम’ हे पुस्तक रंगीत शिळाछाप चित्रांसह निघाले. वनस्पतिशास्त्रज्ञ हा शब्द पाणवनस्पतींच्या कुंडासाठी आधीपासून वापरीत. गॉस यांनी आधीची लांबलचक नावे टाकून तो आटोपशीर लॅटिन शब्द उचलला, आणि तो जगभर झाला.

आणि मग जे झाले त्याची गॉस यांनी कल्पनाही केली नव्हती. सारे इंग्लंड समुद्रफुलांच्या मागे लागले. चार्ल्स किंग्सली या धर्मगुरू-कादंबरीकाराने १८५५ मध्ये गॉस यांची मुक्तकंठाने स्तुती करणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी स्वतः गॉस इल्फ्राकूम येथे स्त्रीपुरुषांचे वर्ग घेऊन ओहोटीच्या खडकांवर जाऊ लागले. टाक्या, क्षारांच्या पुड्या, जिवंत समुद्रफुले यांची दुकाने निघाली. १८५६ साली गॉस यांची रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वावर निवड झाली. पूलच्या पेढीतला कारकून न्यूटनच्या संस्थेचा सभासद झाला!

सुखाचा काळ येथे संपला. १० फेब्रुवारी १८५७ रोजी एमिली स्तनाच्या कर्करोगाने वारली. तिच्यावर झालेले उपचार अतिशय क्लेशकारक होते. आठ वर्षांचाही न झालेला एडमंड आणि शोकाने अबोल झालेला बाप, असे दोघे त्याच वर्षी टॉर्कीनजीक सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास आले.

त्याच १८५७ साली गॉस यांनी ‘ओम्फालोस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रीक शब्दाचा अर्थ बेंबी. खडकांचे थर व अश्मीभूत अवशेष पृथ्वी लक्षावधी वर्षांची असल्याचे सांगत होते, आणि बायबलचा शब्दशः अर्थ घेतला तर ती काही हजार वर्षांचीच ठरे. गॉस दोहोंपैकी एकही सोडावयास तयार नव्हते. त्यांनी तोड काढली ती अशी की, ईश्वराने जग निर्माण केले ते आधीचा काळ लोटून गेल्याच्या खुणांसहच. पहिल्या माणसाला बेंबी होती, पहिल्या वृक्षात वर्षांची वलये होती, तसेच खडकांत अवशेषही पहिल्यापासूनच होते. या ग्रंथाने विज्ञान व धर्म यांचे भांडण कायमचे मिटेल, अशी त्यांची प्रामाणिक आशा होती. प्रत्यक्षात शास्त्रज्ञांनी तो हसण्यावारी नेला आणि धर्मनिष्ठांनाही तो रुचला नाही. ईश्वराने खडकांत असत्य कोरून ठेवले असेल हे आपल्याला मानवत नाही, असे मित्र किंग्सली यांनीच पत्राने कळविले. दोन वर्षांनी डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ निघाला. डार्विन यांच्याशी गॉस यांचा पत्रव्यवहार होता, परस्परांविषयी आदर होता. परंतु उत्क्रांतीचा विचार गॉस यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही. समुद्रफुलाच्या एकेका स्पर्शकाची इतकी अचूक नोंद ठेवणारी दृष्टी खडकाच्या थरापुढे मात्र मिटून घ्यावी, याचे नवल वाटते. त्यांची श्रद्धा खोटी होती असे मला वाटत नाही. पण त्या श्रद्धेने त्यांच्याकडून जे मागितले ते फार होते.

या अपयशाने ते खचले, पण काम थांबले नाही. ते पुन्हा ओहोटीकडे वळले. १८५८ ते १८६० या काळात ब्रिटिश समुद्रफुले व प्रवाळ यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ भागाभागांनी निघाला. त्यातील रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढलेली आहेत, आणि जिवंत प्राणी टाकीत समोर ठेवून. मेल्यावर या प्राण्याचा केवळ रंगहीन गोळा उरतो, म्हणून टाकीवाचून हा ग्रंथ होणेच शक्य नव्हते. ॲना थिन यांचे प्रवाळांवरील निरीक्षण १८५९ मध्ये छापले गेले, तेव्हा त्याला टिपा जोडल्या त्या गॉस यांनीच. त्याच वर्षी नऊ वर्षांच्या एडमंडला किनाऱ्यावर एक समुद्रफूल सापडले. ते ब्रिटिश किनाऱ्यावर तोवर कोणी नोंदलेले नव्हते. बापाने मुलाच्या शोधाला ग्रंथात स्थान दिले. १८६० मध्ये गॉस यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि घरात पुन्हा थोडी ऊब आली.

तथापि ज्या किनाऱ्यांनी हे सारे दिले ते किनारे त्यांच्या डोळ्यांदेखत उजाड होत होते. गॉस यांची पुस्तके वाचून आलेले शेकडो हौशी लोक छिनी-हातोडी घेऊन कुंडाकुंडांतून फिरले. रेल्वेने ते येत, बरण्या भरून नेत. नेलेले बहुतेक जीव आठवड्याभरात मरत, कारण कृती पाळण्याचा धीर थोड्यांनाच होता. पाणी नासले, दुर्गंधी सुटली की टाकी रिकामी करून नवे जीव मागवीत. कपची उडाली की तीवर पुन्हा शेवाळ धरण्यास काळ लागतो, आणि तो काळ किनाऱ्याला कोणी दिला नाही. १८६० नंतरच्या दशकात ही लाट ओसरली, टाक्या माळ्यावर गेल्या, पण कुंडे पूर्ववत झाली नाहीत. एडमंड गॉस पुढे नामांकित साहित्यिक झाले. १९०७ साली पितापुत्रांच्या नात्यावर लिहिलेल्या विख्यात पुस्तकात त्यांनी सांगितले आहे की, लहानपणी आपण पाहिलेली ती कुंडे आता कोठेच उरली नाहीत, आणि आपल्याच पुस्तकांनी ही लूट ओढवली या जाणिवेने वडिलांना अतोनात यातना झाल्या. टाकीत किती जीव सोडावे याचे माप गॉस यांनी लोकांना काटेकोरपणे शिकविले होते. किनाऱ्यावरून किती उचलावे याचे माप शिकविण्याची गरज पडेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते. आपल्या देशात २००१ साली प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालून त्यांची तोड व व्यापार यांना बंदी करण्यात आली. गॉस यांच्या काळी असला कायदा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

उत्तरायुष्यात त्यांनी काचघरात ऑर्किडची फुले वाढविली, रात्री दुर्बिणीतून तारे पाहिले, आणि पुन्हा तरुणपणच्या सूक्ष्मदर्शकाकडे वळून पाण्याच्या थेंबात चक्रासारखे केस फिरविणाऱ्या रोटिफर जीवांचा अभ्यास केला. हडसन यांच्या समवेत लिहिलेला त्या जीवांवरील ग्रंथ १८८६ साली निघाला, तेव्हा गॉस ७६ वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांनी, २३ ऑगस्ट १८८८ रोजी, सेंट मेरीचर्च येथे, समुद्रापासून थोड्याच अंतरावरील आपल्या घरी, ते निवर्तले.